चोरलेलं वचन

बायको रोज पहाटे कुणाजवळ तरी तासभर बसते आणि त्या खोलीत आपल्याला जागा नाही, हे नवऱ्याला निवृत्त झाल्यावर कळावं, ही काही साधी नामुष्की नाही. त्यातून तो कुणीतरी साक्षात देव निघावा. आता देवाशी भांडायचं तरी कुठं आणि कसं?

सखाराम साळवेचं नेमकं असं झालं. चौतीस वर्षं तो एसटीत कंडक्टर होता. आठवड्यातल्या चार रात्री मुक्कामी गाडीवर आणि उरलेल्या तीन घोरण्यात. घरात पहाटे काय चालतं याचा त्याला पत्ताच नव्हता. निवृत्तीचा हार गळ्यात घालून तो छावणीतल्या घरी आला, दुसऱ्या दिवशी मुक्कामी गाडीच्या सवयीनं पाचला उठला, आणि बघतो तर लक्ष्मीबाई आतल्या खोलीत खिडकीशी मांडी घालून बसलेल्या. मांडीवर पवित्र शास्त्र.

"चहा?" सखारामनं विचारलं. उत्तर नाही.

"बरं नाय का?" उत्तर नाही.

लक्ष्मीबाईंनी पुस्तकावरची नजर न काढता एक बोट दाराकडं केलं. आयुष्यभर ज्यानं लोकांना गाडीतून खाली उतरवलं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी उतरवलं होतं.

हे सगळं चितेगावच्या पुढच्या मठामुळं. पैठण रस्ता सोडून आत गेलं की शेतात संत बेनेडिक्टच्या पंथाच्या साधूंचा एक छोटा मठ आहे. सहा साधू, दोन गाई, एक विहीर. रिक्षावाले त्याला 'चुपवाले फादर का मठ' म्हणतात, कारण तिथं जेवतानासुद्धा कुणी बोलत नाही. एकजण धर्मग्रंथ वाचतो आणि बाकीचे मुकाट्यानं भाकरी मोडतात. मीठ हवं असेल तर बोटानं खूण करायची. या मठाला बारा-पंधरा संसारी माणसं जोडलेली आहेत. त्यांनी घरदार सोडायचं नाही, लुगडी-विजारी सोडायच्या नाहीत, फक्त रोज थोडं शास्त्र वाचायचं. मात्र ते एका ठरलेल्या रीतीनं. सावकाश वाचत जायचं, एखादा शब्द मनाला अडकला की तिथंच थांबायचं, आणि गाय रवंथ करते तसा तो दिवसभर चघळायचा. पुढं जायचं नाही. लक्ष्मीबाई तीस वर्षं हे करत होत्या.

सखारामला यातलं 'पुढं जायचं नाही' एवढंच समजलं, आणि तेवढंच पटलं नाही.

तरी त्यानं प्रयत्न केले, नाही असं नाही. एकदा तो लक्ष्मीबाईंच्या शेजारी पाट घेऊन बसला. दोन मिनिटं बसला. मग घसा खाकरला. मग गुडघा चोळला. मग न राहवून म्हणाला, "अजून किती राहिलं?" बोट दाराकडं. दुसऱ्यांदा त्यानं सोबत वर्तमानपत्र नेलं. वाचायचंच आहे ना, आपणही वाचू! पण सखारामला मनात वाचता येत नव्हतं. गाडीतल्या पन्नास माणसांना मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजातच त्याचं सगळं आयुष्य गेलेलं. त्यानं बाजारभाव वाचले, हवामान वाचलं, आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींवर आला तेव्हा बोट पुन्हा उठलं. तेव्हापासून तो ओसरीत बसून वाचू लागला. तिथं शेजाऱ्यांचं मांजर ऐकायला असायचं, पण तेही दुसऱ्या पानावर उठून जायचं.

असं दीड वर्ष काढल्यावर मात्र त्याच्या संयमाचा बांध फुटला, आणि एका दुपारी पैठणची गाडी पकडून तो थेट मठात जाऊन थडकला. मठाचे प्रमुख फादर अभय गोठ्यात गाईला आंबोण घालत होते.

"फादर, माझ्या बायकोला तुम्ही काय वाचायला दिलंय? तीस वर्षं झाली, संपतच नाय!"

"संपवायचं नसतंच ते," फादर म्हणाले.

"मग पोचायचं कुठं?"

"हे बघा साळवे, आमच्या संतांनी आम्हाला जो नियम लिहून दिलाय ना, त्याचा पहिलाच शब्द आहे 'ऐक'."

"आन् दुसरा?"

"तुम्ही आधी पहिल्यावर थोडं थांबा."

सखाराम थांबला नाही. पण बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला, आणि ज्यासाठी आला होता ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "खरं सांगू का फादर? चौतीस वर्षं मी घरात नव्हतो. आता मी हाय, तर रोज सकाळी तीच माझ्यासमोर असून नसती. मला काय लई पुण्य नको. मला नुसतं तिच्या शेजारी बसायचंय. त्या खोलीत."

फादरांनी हात धुतले. मग म्हणाले, "ईस्टरआधीचा उपवासकाळ लागतोय. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आम्ही प्रत्येकाला शास्त्रातलं एकेक पुस्तक देतो. ते सुरुवातीपासून वाचायचं. पाचव्या शनिवारी सगळे इथं जमतात आणि आपण कुठं थांबलो तेवढंच सांगतात. तुम्ही एक शब्द घेऊन या. आणलात, तर लक्ष्मीबाईंना मी स्वतः सांगतो, याला आत घ्या."

"एकच शब्द?"

"एकच."

सखाराम हसत हसत गाडीत बसला. एक शब्द म्हणजे काय, हाताचा मळ!

राखेच्या बुधवारी कपाळावर राख आणि हातात पुस्तक घेऊन तो मठातून निघाला. त्याच्या वाट्याला रूथचं पुस्तक आलं होतं, अवघं चार अध्यायांचं. चितेगावला गाडीत बसल्यावर त्यानं ते उघडलं आणि नक्षत्रवाडी यायच्या आत मिटलं. लगेच फादरांना फोन लावला.

"झालं फादर. दुष्काळ पडला, माणसं परमुलखात गेली, तिथं बाप्ये मेले, सासू माघारी निघाली, एक सून तिच्यासंग आली, शेतात कापणीनंतर पडलेला सर्वा वेचला, शेतमालकाशी लगीन झालं, बाळ झालं. पुढचं पुस्तक कुणाकडं मागायचं?"

"कुठं थांबलात?"

"थांबलो नाय. विनंती थांबा असला तर थांबतो मी. कुणी घंटीच मारली नाय."

"परत वाचा," फादर म्हणाले आणि फोन ठेवला.

सखारामनं परत वाचलं. परत म्हणजे पाच आठवड्यांत अकरा वेळा वाचलं. दर खेपेला गाडी वेळेच्या आधी पोचायची. त्या सासू-सुनेनं एवढं अंतर पायी कसं कापलं असेल, मधे पाणी कुठं प्यायल्या असतील, याचा त्याला मनापासून घोर लागला. पण शब्द म्हणाल तर एकही अडकेना. ओसरीत बसून तो पानाकडं डोळे वटारून बघायचा. शब्द डोळ्यांसमोरून सरळ निघून जायचे. आत लक्ष्मीबाई तासतास एकाच ओळीवर, आणि हा बाहेर अकराव्या फेरीला, आणि मधे एक दार. सखारामला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

शेवटचा शुक्रवार उजाडला आणि हातात शब्द नव्हता. उद्या सगळ्यांसमोर काय सांगणार? आणि लक्ष्मीबाई तर त्या मंडळींतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचं नाक कापलं गेलं, तर खोली राहिली बाजूला, ओसरीसुद्धा जायची. संध्याकाळी लक्ष्मीबाई क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करायला देवळात निघाल्या. "माझा गुडघा लई दुखतोय," सखाराम म्हणाला. आणि फाटक वाजल्याबरोबर तोच गुडघा घेऊन टणाटण आतल्या खोलीत गेला.

पवित्र शास्त्र खिडकीत होतं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं. सखारामनं फडकं सोडलं. फुकट्या प्रवाशांना त्यानं हजारदा पकडलं होतं, पण आपण फुकट्या झाल्यावर कसं वाटतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बोटाला थुंकी लावून त्यानं रूथचं पुस्तक काढलं. पहिल्याच अध्यायात एका वचनाखाली पेन्सिलीची रेघ होती. सून सासूला म्हणते ते वचन: मला माघारी जायला सांगू नका, तुम्ही जाल तिथं मी येईन, तुम्ही राहाल तिथं मी राहीन. आणि समासात बारीक अक्षरात तारखा. एक नाही, दोन नाही, सात. पहिली १९९४ सालातली, शेवटची गेल्या ऑगस्टमधली.

सखारामनं तोंडात बोट घातलं. अडकलेल्या वचनाला रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची, ही मठाची रीत त्याला माहीत होती. म्हणजे ही बाई एकाच थांब्यावर सात वेळा उतरली! सातातला एक आपण घेतला तर तिला कमी थोडाच पडणार? वचन देवाचं, पुस्तक दोघांच्या घरातलं, यात चोरी कसली. अशी मनाची समजूत घालून त्यानं ते शब्द पाठ केले, फडकं होतं तसं बांधलं, आणि लक्ष्मीबाई आल्या तेव्हा ओसरीत मांजराला हवामान वाचून दाखवत बसला.

शनिवारी मठाच्या व्हरांड्यात सगळे गोल करून बसले. सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. रीत अशी की एकेकानं फक्त आपला शब्द सांगायचा. का आवडला, त्यातून काय शिकलो, अवाक्षर नाही. मग फादर पितळी घंटी एकदा वाजवणार आणि त्या शब्दासोबत सगळ्यांनी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाच मिनिटं झाली की घंटी दोनदा.

यात एक अडचण होती, आणि ती फक्त सखारामला होती. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला.

पहिली पाळी दगडाबाईची. शहागंजात भाजी विकणारी ही धिप्पाड बाई अक्षरं लावून लावून वाचायची. तिला योनाचं पुस्तक मिळालं होतं, माशानं गिळलेल्या माणसाचं. तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाली, "ओकला."

टण.

आणि पंधरा माणसं 'ओकला' या शब्दावर मनन करू लागली. सखारामच्या पोटात हसू असं उसळलं की त्यानं मिशी दातांत धरली. गोठ्यातली गाय हंबरली. पंखा करकरला. सखारामच्या हिशेबानं दोन दिवस उलटून गेले, तेव्हा कुठं घंटी दोनदा वाजली.

"चला!" सखाराम खणखणीत आवाजात म्हणाला.

सगळ्यांनी डोळे उघडले. लक्ष्मीबाईंनी मिटून घेतले.

"सवय हाय," सखाराम पुटपुटला. पुढच्या दोन पाळ्यांना तो पुन्हा 'चला' म्हणाला, पण हळू. मग त्याचं नाव आलं. तो सावरून बसला आणि पाठ केलेलं म्हणाला, "तुम्ही राहाल तिथं मी राहीन."

टण.

पहिलं मिनिट मजेत गेलं. फादरांनी मान डोलावली होती, दगडाबाईनंही डोलावली होती. खोली मिळाली! सखारामनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून लक्ष्मीबाईंकडं बघितलं. त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. खाली फरशीकडं बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

दुसऱ्या मिनिटाला सखाराम चुळबुळला. बोलायची सोय नाही, उठायची सोय नाही, आणि मांडीवर चोरीचा माल. दुसरा काही उद्योग नाही म्हणून तो त्या वचनाकडं बघू लागला. तुम्ही जाल तिथं येईन, हे त्याला पहिल्यापासून बरं वाटलं होतं, कारण त्यात जाणं होतं. पण राहीन? हे कोण कुणाला म्हणतंय? सून म्हणतेय, सासूला. अकरा वेळा वाचूनही ही गोष्ट त्याच्या टाळक्यात शिरली नव्हती. नवरा यात कुठं आहे? नवरा तर आधीच गेलेला.

आपल्या घरातली सासू म्हणजे कडूबाई. सखारामची आई. मीठ कमी पडलं तर ताट भिरकावणारी आणि पुढं कंबर मोडल्यावर अकरा वर्षं खाटेवर पडून शिव्या घालणारी. तिला उचललं कुणी? न्हाऊ घातलं कुणी? सखाराम मुक्कामाच्या गावी घोंगडी पसरून झोपायचा आणि घरी आला की आईच्या पाया पडून पुन्हा ड्यूटीवर जायचा. लोक म्हणायचे, साळवे लई मातृभक्त. त्यालाही तसंच वाटायचं.

आता मात्र त्याला लाज वाटली. भर उन्हात, पंधरा माणसांत बसून, कान तापेपर्यंत लाज वाटली. 'राहीन' हा शब्द त्याच्या घशात असा अडकला की गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

घंटी दोनदा वाजली. सगळे सखारामच्या 'चला'ची वाट बघत थांबले. तो काही म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत त्यांना मागची दोघांची जागा मिळाली. सखाराम गप्प होता. नक्षत्रवाडी आली, गप्प. कांचनवाडी आली, गप्प. कंडक्टर पोऱ्यानं घंटीची दोरी चुकीच्या वेळी ओढली, तरी गप्प. आता लक्ष्मीबाई घाबरल्या. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"छातीत दुखतंय का? पाणी देऊ? फादरनी सांगितलं मला, आत घ्या म्हणून. घेते मी. आता बोला की काहीतरी."

"वचन मी चोरलं," सखाराम म्हणाला.

"मोठ्यानं बोला. गाडी लई वाजतीया."

"वचन मी चोरलं!" सखाराम ओरडला, आणि पुढच्या बाकावरची चार डोकी मागं वळली.

"ते मला कालच कळलं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "थुंकी लावून पान उलटता तुम्ही. हा एवढा बोटाचा डाग."

"मग बोलली का नायस?"

"म्हटलं बघावं, माणूस कुठवर जातोय."

सखारामनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "लक्ष्मी, मी चोरून नेलं आन् तिथं बसल्यावर ते मलाच धरून बसलं. तुझी भक्ती लई मोठी हाय. तू सात सात वेळा त्याच वचनावर थांबलीस."

लक्ष्मीबाईंना एकदम हसू फुटलं. चारचौघांत हसायची त्यांना सवय नव्हती, म्हणून पदर तोंडात कोंबून त्या हसल्या, खांदे हलेपर्यंत.

"कसली भक्ती आन् काय! अहो, त्या तारखांना मी पिशवी भरली व्हती."

"कसली पिशवी?"

"जालन्याला जायाची. माझ्या भावाकडं, पुंडलिककडं. कायमची."

सखारामनं मांडीवरची टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"पहिल्यांदा तुमच्या आईनं भरल्या ताटाला लाथ मारली तवा. मग तुम्ही दिवाळीला येतो म्हणून आला नाय तवा. अशा सहा येळा. पिशवी भरायची आन् देवाला जाब विचारायला पुस्तक उघडायचं, तर ही रूथ पुढ्यात! लई राग यायचा मला तिचा. म्हणायला हिच्या बापाचं काय जातंय? दातओठ खाऊन रेघ मारायची, तारीख टाकायची. मग म्हणायचं, म्हातारीला तेवढं भरवते आन् निघते. भरवून, धुऊन, पुसून होईस्तोवर दिवस मावळायचा."

"म्हणजे तू आईसाठी राहिलीस," सखाराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"व्हय. आन् म्हातारीबी शेवटी शेवटी गोड झाली माझ्यासंग."

गाडी रेल्वे पुलापाशी तुंबली. सखारामच्या मनात तारखा पुन्हा उभ्या राहिल्या, आणि शेवटच्या तारखेपाशी तो अडला. "पर आईला जाऊन तर पंधरा वर्षं झाली. सातवी तारीख गेल्या ऑगस्टातली हाय."

लक्ष्मीबाईंनी पदर नीट केला. "ती तुम्ही अख्खा पेपर मोठ्यानं वाचायला लागला तवाची. मेलेल्या माणसांच्या फोटूसकट. लई झालं म्हटलं. तुम्ही भाजीला गेलाव, मी पिशवी घेऊन स्टँडवर गेले."

"स्टँडवर? आन् मला म्हणालीस देवळात गेल्ते!"

"जालन्याची साडेनऊची लागली व्हती. बाकावर बसून बघत राहिले. ती निघून गेली."

इथं गप्प बसायला हवं, हे सखारामलाही कळत होतं. पण चौतीस वर्षांचं वेळापत्रक माणसाच्या जिभेवर त्याच्या आधी येतं.

"मागं लगेच पावणेदहाची असती की," तो म्हणाला.

"ठाऊक व्हतं मला," लक्ष्मीबाई म्हणाल्या.